मोठे फोटो धुताना

जुन्या घराच्या बैठकीत, दारावर ओळीने लावलेले काळे-पांढरे फोटो कधी नीट निरखून पाहिलेत? एका फ्रेममध्ये पणजोबांचा कोट अजून काळाभोर असतो. शेजारच्याच फ्रेममध्ये, त्याच सुमारास काढलेल्या फोटोत, पणजीचा चेहरा पिवळट-तपकिरी डागांखाली विरत चाललेला असतो. आपण म्हणतो, "जुना झाला हो फोटो." पण दोन्ही सारखेच जुने आहेत! फरक बहुतेक वेळा धुण्यातला असतो. डार्करूममध्ये त्या कागदाला पुरेसं पाणी मिळालं की नाही, एवढाच.

हे सगळं आज आठवायचं कारण म्हणजे फिल्मवर फोटो काढून स्वतःच्या हाताने छापायचा छंद पुन्हा काही घरांत शिरला आहे. बाथरूमच्या खिडकीला काळा कागद, लाल दिवा, तीन ट्रे. पोस्टकार्डाएवढे फोटो जमले की हात शिवशिवतात आणि मोठा कागद आणला जातो. खरी परीक्षा तिथे सुरू होते.

थोडं रसायन समजून घेऊ. फोटोच्या कागदावर चांदीचे क्षार असतात. प्रकाश पडलेल्या भागातली चांदी डेव्हलपरमध्ये काळी होते. उरलेले क्षार काढून टाकायला लागतो 'हायपो', म्हणजे सोडियम थायोसल्फेट. चांदीचे क्षार त्यात विरघळतात, हे जॉन हर्शेल या इंग्रज शास्त्रज्ञाने १८१९मध्येच, म्हणजे फोटोग्राफी जगासमोर येण्याच्या वीस वर्षं आधी, शोधून ठेवलं होतं. हायपो काम चोख करतो, पण पाहुणा म्हणून फार चिवट. कागदात थोडा जरी राहिला, तरी हळूहळू त्याचं विघटन होतं, त्यातलं गंधक चांदीला धरतं आणि चित्र पिवळं पडतं. दमट हवेत हे लवकर होतं. कोकणातल्या आणि बंगालमधल्या भिंतींना हे सांगायला नको.

तक्रारही जुनीच आहे. १८५४मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्यातले एक नावाजलेले फोटोग्राफर. पुढच्याच वर्षी लंडनच्या सोसायटीने फोटो फिके का पडतात हे पाहायला समिती नेमली. राणी व्हिक्टोरियाचे पती प्रिन्स अल्बर्ट यांनी तिला ५० पौंड दिले. समितीने मुख्य गुन्हेगार म्हणून बोट ठेवलं ते नीट न धुतल्यामुळे राहिलेल्या हायपोवर.

आता कागदाकडे येऊ. हल्ली सहज मिळतो तो कागद दोन्ही बाजूंनी प्लास्टिकचा थर दिलेला. त्याच्या अंगात पाणी शिरत नाही, त्यामुळे चार-पाच मिनिटांत धुऊन होतो. फायबर कागदाचं तसं नाही. आपले स्टुडिओवाले ज्याला सरसकट 'ब्रोमाइड पेपर' म्हणत, उटीच्या सरकारी कारखान्यातून 'इंदू' या नावाने जो येई, तो हा. तो नुसता कागदच असतो, वर बेरियम सल्फेटचा पांढरा थर आणि त्यावर जिलेटिन. काळा रंग त्यावर जसा खोल उतरतो, तसा प्लास्टिकवाल्यावर उतरत नाही, असं माझं ठाम मत आहे. पण हा कागद टीपकागदासारखा पितो. पाण्याबरोबर हायपोही पितो, आणि प्यायलेला हायपो सोडायला तासभर लावतो.

वरवरचा हायपो पहिल्या काही मिनिटांत निघून जातो. धाग्यांच्या आत बसलेला मात्र आपल्या गतीनेच बाहेर येतो. नळ कितीही जोरात सोडा, त्याला घाई करता येत नाही. बाहेरचं पाणी स्वच्छ असेल तर तो येत राहतो. आतलं-बाहेरचं सारखं झालं की थांबतो. एवढं समजलं की नळ उघडा ठेवायची गरजच उरत नाही. मिनिटाला ४ लिटर धरले तरी तासात २४० लिटर गटारात! ज्या देशात लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं, तिथे छंदासाठी हे मला पटत नाही. २० बाय २४ इंचांचा फोटो बसेल अशा ट्रेमध्ये तीन सेंटिमीटर पाणी भरलं तर साधारण १० लिटर होतं. पाच-दहा मिनिटं फोटो त्यात हलवत ठेवायचा, पाणी पूर्ण ओतून द्यायचं, नवं भरायचं.

मध्ये एक युक्ती. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात असं लक्षात आलं, की समुद्राच्या पाण्यात धुतलेल्या फोटोतून हायपो लवकर निघतो. खारं पाणी त्याला कागदातून सोडवतं. (म्हणून बादली घेऊन जुहूला धावू नका. मीठ मागे राहिलं तर तेही फोटोला खातं, शेवटी गोडं पाणी लागतंच.) त्यावरूनच सोडियम सल्फाइटचं द्रावण वापरात आलं. एका लिटरला २० ग्रॅम, दहा मिनिटं. दुकानात नीट बोलून मागा: सल्फाइट. सल्फेट नव्हे आणि सल्फाइड तर मुळीच नव्हे. घरात दम्याचं कुणी असेल तर ही पूड त्यांच्यापासून लांब ठेवा. आधी दोन-तीन पाणी, मग सल्फाइट, मग पाच-सहा पाणी, असं केलं तर ८० लिटरच्या आसपास भागतं.

फोटो एकावर एक टाकून धुऊ नका. ओल्या पापडांसारखे ते चिकटतात आणि मधला कोरडा नसला तरी न धुतलेलाच राहतो. धुणं चालू असताना हायपोतला नवा फोटो त्याच ट्रेमध्ये टाकला, तर आधीच्या सगळ्यांची वेळ पुन्हा पहिल्यापासून मोजायची.

आकार वाढला की अडचण उचलण्याची. ओला फायबर कागद जड होतो आणि स्वतःच्याच वजनाने मुडपतो. तिथे नखाएवढी चंद्रकोर उमटते, ती कायमची. दोघांनी मिळून दोन-दोन कोपरे धरा. त्याहून सोपं म्हणजे खाली प्लास्टिकची बारीक जाळी अंथरा आणि झोळीसारखा फोटो जाळीसकट उचला. ४० बाय ६० इंचांसाठी ट्रे विकत घ्यायला जाऊ नका. गच्चीवर लाकडी पट्ट्यांची चौकट आणि त्यात जाड प्लास्टिक पसरलं की हौद तयार. मात्र सावलीत.

पाणी २० अंशांच्या आसपास हवं. मे महिन्यात नागपूरच्या गच्चीवरच्या टाकीतलं पाणी घेतलंत तर जिलेटिन मऊ होऊन सुटायला लागेल. पहाटेचं पाणी घ्या किंवा बर्फाची बंद पिशवी सोडा. जानेवारीत दिल्लीकरांनी उलट करावं, कारण गार पाण्यात हायपो निघतच नाही. बोअरचं पाणी असेल तर नळाला मलमलचं फडकं बांधा. रेतीचा एक कण फोटोवर रेघ ओढून जातो.

झालं की नाही, हे कसं कळणार? विहिरीत टाकतात ते पोटॅशियम परमँगनेट ओळखीचं असेल. त्याचं अगदी फिकं गुलाबी पाणी दोन ग्लासांत सारखं घ्या. एकात नळाचं पाणी घाला, दुसऱ्यात फोटोवरून निथळलेलं, तेवढंच. दुसऱ्याचा रंग आधी उडाला तर हायपो आहे, पुन्हा धुवा. नाही उडाला तरी फक्त निथळलेल्या पाण्याची खात्री झाली, कागदाच्या पोटाची नाही. म्हणून वर एक-दोन पाणी जास्तीचं. आणि हायपो स्वतःच शिळा असेल, तर चांदीचे असे क्षार कागदात अडकतात जे कितीही धुतले तरी निघत नाहीत. तिथे पाण्याचा दोष नाही. वापरलेला हायपो आणि पहिलं पाणी झाडांना घालू नका, त्यात चांदी असते. शेवटची पाणी गच्ची धुवायला चालतील.

हे वाचून कुणी पणजीचा डागाळलेला फोटो काढून बादलीत बुडवेल, म्हणून सांगते: ते करू नका. पिवळं पडलेलं पाण्याने परत काळं होत नाही. जुनं जिलेटिन सुटू शकतं, आणि स्टुडिओत हाताने भरलेला गालावरचा रंग पहिल्याच पाण्यात वाहून जाईल. फ्रेम ओलीच्या भिंतीवरून हलवा, काच कागदाला चिकटली असेल तर ओढू नका, आणि आजच मोबाइलवर त्याचा एक चांगला फोटो काढून ठेवा. सगळाच फोटो एकसारखा उबदार तपकिरी असेल तर मात्र घाबरू नका. तो स्टुडिओवाल्याने मुद्दाम दिलेला रंग असू शकतो, आणि तसे फोटो फार टिकतात.