आवाहनातला चेहरा

‘चार वर्षांच्या मुलाला रक्ताचा कॅन्सर, परळला टाटात नेलंय, मदत करा.’ व्हॉट्सअ‍ॅपवर असा मजकूर येतो तेव्हा बहुतेकदा सोबत फोटो असतो. केस गेलेलं डोकं, नाकात नळी, हाताला सलाईन. हा फोटो पुढे पाठवावा का?

पाठवणाऱ्यांची बाजू आधी ऐकली पाहिजे. चेहरा दिसला की हात खिशाकडे जातो, हे नाकारण्यात अर्थ नाही. आणि पैसा लागतोच. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून उपचारांचा बराच भार हलका होऊ शकतो, रुग्णालयाचा समाजसेवा विभाग विश्वस्त संस्थांकडून मदत मिळवून देतो, कॅन्सरच्या रुग्णाला रेल्वेच्या भाड्यात सवलत आहे. पण खोलीचं भाडं, रोजचं जेवण, बुडालेली मजुरी आणि गावी आजीकडे ठेवलेल्या दुसऱ्या लेकराचा खर्च कोण देणार? अशा घराला पोटभर जेवलेल्या माणसाने खासगीपणाचे धडे देऊ नयेत.

तरीही मला हा फोटो खटकतो. मुलांमध्ये सर्वांत जास्त आढळणारा कॅन्सर म्हणजे अक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया, आणि तो बरा होऊ शकतो. श्रीमंत देशांत कॅन्सर झालेल्या मुलांपैकी ८० टक्क्यांहून अधिक मुलं बरी होतात. गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या अनेक देशांत मात्र हे प्रमाण ३० टक्क्यांच्याही खाली आहे. २०३० पर्यंत जगभर ते किमान ६० टक्क्यांवर नेण्याचं उद्दिष्ट जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये ठरवलं. म्हणजे हे मूल मोठं होणार, असं धरूनच आपण वागायला हवं. ते दहावीला बसेल, नोकरी शोधेल, त्याच्या लग्नाची बोलणी होतील. मुलगी असेल तर ‘लहानपणी काय झालं होतं म्हणे?’ हा प्रश्न अधिक बोचरा होऊन येईल. तेव्हाही तो फोटो कुणाच्या तरी मोबाइलमध्ये असेल. चार वर्षांच्या मुलाला त्याबद्दल कुणी विचारलेलं नसतं.

माझं मत चेहरा न दाखवण्याकडे झुकतं. रुग्णालयाचं खर्चाचं पत्र, शक्यतो थेट रुग्णालयाच्या खात्यात पैसे भरण्याची सोय, आणि शाळेने किंवा ग्रामपंचायतीने ‘हे कुटुंब आमच्या ओळखीचं आहे’ म्हणून दिलेली हमी, एवढ्यावर आवाहन उभं राहू शकतं. पैसे कदाचित कमी जमतील. तो तोटा खरा आहे. आईवडिलांनी विचार करून फोटो दिलाच, तर त्यांना कुणी बोल लावू नये.

मला अधिक काळजी वाटते ती फोटो जुना झाल्यानंतरच्या दिवसांची. या ल्युकेमियाचे उपचार साधारण दोन ते अडीच वर्षं चालतात. सुरुवातीचे कठीण महिने सरले की केस परत येतात, मूल खेळू लागतं. पुढचा मोठा काळ घरी गोळ्या आणि ठरावीक दिवशी तपासणी. नेमकं याच टप्प्यावर ‘आता बरा आहे की’ म्हणून, किंवा गाडीभाडं आणि बुडणारा रोज परवडत नाही म्हणून, उपचार सुटण्याचा धोका असतो. आपल्यासारख्या देशांत मुलं दगावण्याचं हे एक मोठं कारण आहे. हसत्याखेळत्या मुलासाठी कुणी आवाहन फिरवत नाही. म्हणून पहिल्या आठवड्यात एकदम दहा हजार देण्यापेक्षा दोन वर्षं दरमहा चारशे देणारी पंचवीस घरं मला जास्त मोलाची वाटतात.

राहण्याचा प्रश्न काही संस्थांनी ओळखला. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत बाहेरगावचे रुग्ण आणि नातेवाईक उतरतात. सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्स २००६ पासून कॅन्सरग्रस्त मुलांना पालकांसह मोफत राहायला जागा देते. जागा मात्र मोजक्याच.

पैसा नसलेल्यांनाही करण्यासारखं पुष्कळ आहे. प्लेटलेट साधारण पाचच दिवस टिकतात, म्हणून दाते पुन्हा पुन्हा लागतात. दानाला तास-दीड तास पुरतो. भेटायला मात्र गर्दी करू नये. केमोनंतर पांढऱ्या पेशी घटलेल्या असतात, साधा तापही जिवावर बेतू शकतो. फळांची पिशवी घेऊन खाटेशी जाण्याऐवजी गावातल्या धाकट्या भावंडाला शाळेत सोडावं, शेताला पाणी द्यावं. आणि वडील जिथे कामाला आहेत, तिथल्या मालकाशी बोलून त्यांची जागा राखून ठेवायला सांगावं.