शाळेचे दार आणि शाळेचा उंबरठा

बाहेरगावचा पाहुणा आला, की त्याला काळ्या घोड्यापाशी नेऊन श्रीमंत सयाजीराव महाराजांची कीर्ती सांगावयाची, हा वडोदऱ्यातील मराठी घरांचा जुना परिपाठ आहे. परंतु कीर्ती सांगणे सोपे, तिचा वारसा चालविणे कठीण. म्हणून महाराजांच्या एका कार्याविषयी, व त्यातील अपुऱ्या राहिलेल्या भागाविषयी, आम्ही येथे चार शब्द लिहीत आहोत.

१८९३ साली महाराजांनी अमरेली महालात सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग आरंभिला आणि १९०६ साली तो सबंध बडोदे संस्थानास लागू केला. मुलांप्रमाणे मुलीही त्यात होत्या. ‘पोरे शाळेत गेली तर गुरे कोण राखणार?’ असा प्रश्न तेव्हा घरोघरी होता. तरीही कायदा झाला. १९११ साली नामदार गोखल्यांनी असेच विधेयक कलकत्त्याच्या कायदेमंडळात मांडले, तेव्हा बडोद्याचा दाखला त्यांच्यासमोर होता. पुढच्याच वर्षी ते फेटाळले गेले. सबंध देशातील सहा ते चौदा वर्षांच्या बालकांना शिक्षणाचा हक्क मिळावयास २००९ चा कायदा यावा लागला, व तो १ एप्रिल २०१० पासून अमलात आला.

दार उघडले, की मुले धावत येतात, हे आफ्रिकेतील केनिया देशानेही पाहिले. तेथे २००३ च्या जानेवारीत प्राथमिक शाळांची फी रद्द झाली आणि दहा लाखांहून अधिक नवी मुले वर्गांत दाखल झाली. पुढील वर्षी किमानी मारुगे नावाचे ८४ वर्षांचे आजोबादेखील पहिलीच्या वर्गात जाऊन बसले! परंतु वर्ग दाटले आणि शिक्षक अपुरे पडले. दार उघडले, तरी उंबरठा उरतोच.

हा उंबरठा पाहण्यासाठी केनियास जावयास नको. आपल्या शहरात कोठेही इमारत उठत असली, की तेथे दाहोद-छोटाउदेपुराकडून आलेली मजूर कुटुंबे दिसतात. आई घमेली वाहते. आठ-नऊ वर्षांची मुलगी झोळीतल्या भावाला झोका देते. इमारत पुरी झाली, की बिऱ्हाड हलते. जन्माचा दाखला नाही, म्हणून अशा मुलीस प्रवेश नाकारता येत नाही, असे कायदा स्पष्ट सांगतो. वयानुरूप वर्गात बसवून तिची विशेष तयारी करून घ्यावी, असेही सांगतो. परंतु हे तिच्या आईला कोणी सांगितले आहे काय?

दुसरा उंबरठा भाषेचा. आमच्या घरी कोकणी बोलतात. शाळेच्या पहिल्या दिवशी तहान लागली, तेव्हा आम्ही गुरुजींकडे ‘उदक’ मागितले आणि सारा वर्ग हसला. त्यानंतर कित्येक दिवस आम्ही तोंडच उघडले नाही. घरची मंडळी शिकलेली होती, म्हणून आम्ही सावरलो; नाहीतर त्या एका शब्दापायी शाळेवरच उदक सोडण्याची पाळी आली असती. मग घरी आदिवासी बोली बोलणारे आणि शाळेत गुजराती ऐकणारे मूल किती वेळा मुके होत असेल? शिक्षण शक्यतो बालकाच्या मातृभाषेतून व्हावे, असे त्याच कायद्यात आहे. ते सर्वत्र साधत नसेल. परंतु मुलाच्या शब्दाला न हसणे तर कोणत्याही वर्गात साधेल.

कोणी म्हणतील, ‘हे काम सरकारचे, आपण काय करणार?’ शाळा उघडणे हे सरकारचे काम आहे, हे आम्हांसही मान्य आहे. परंतु शेजारच्या झोपडीतले मूल कोणत्या वेळी मोकळे असते, हे सरकारला कळत नाही; ते शेजाऱ्याला कळते. म्हणून पालकांस आमची विनंती, की आपल्या गल्लीतील बांधकामावर एकदा जावे, मुलांच्या आईबापांस कायद्याचा अर्थ समजावून सांगावा, आणि प्रवेशाच्या दिवशी त्यांच्यासोबत जवळच्या सरकारी शाळेपर्यंत चालत जावे. वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनी शनिवारचा एक तास त्या मुलांना द्यावा. त्यांना अक्षरे शिकवावी, आणि त्यांच्याकडून त्यांच्या बोलीतले दहा शब्द शिकावे. यात दान कोणाचेच नाही. देवघेव दोघांची आहे.

महाराजांनी कायद्याच्या बळावर मुलाला शाळेच्या दारापर्यंत आणले. त्याचा हात धरून त्याला उंबरठा ओलांडून आत घेणे, हे आपले काम आहे. पुढच्या वेळी काळ्या घोड्यापाशी पाहुण्याला महाराजांची कीर्ती सांगताना, आपणही त्यात एका मुलाची भर घातली आहे, असे सांगता यावे, एवढीच आमची इच्छा.