पाळणा कोणाच्या घरचा?

मुलाचे पाय पाळण्यात दिसतात, ही म्हण आपल्या सुशिक्षित घरांतून जितक्या समाधानाने उच्चारली जाते, तितक्या समाधानाने दुसरी एखादी म्हण क्वचितच उच्चारली जात असेल. शेजारचे पोर इंग्रजी घडाघडा बोलू लागले की म्हण हजर! पाय सर्वांस दिसतात. परंतु पाळणा कोणाच्या घरी टांगला होता आणि त्याची दोरी ओढावयास कोणास सवड होती, इकडे कोणी पाहत नाही. आमचा वाद आहे तो या अर्धवट पाहण्याशी.

सांगलीचेच उदाहरण घेऊ. स्मृती मानधना या येथील माधवनगरात वाढल्या. वडील श्रीनिवास स्वतः जिल्ह्याच्या पातळीवर क्रिकेट खेळलेले, थोरला भाऊ श्रवणही खेळाडू. भावाचा खेळ पाहत पाहत ही मुलगी नवव्या वर्षी महाराष्ट्राच्या पंधरा वर्षांखालील मुलींच्या संघात गेली, आणि २०२५ साली विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय संघाची उपकर्णधार झाली. त्या मुळात उजव्या हाताच्या; फलंदाजी करतात ती डाव्या हाताने, याचे कारण वडिलांस डावखुऱ्या फलंदाजांचा भारी मोह! ज्या डाव्या हातास आपण ईश्वरी देणगी म्हणून हात जोडतो, तो बापाच्या हौसेतून घडलेला आहे. त्यांचे श्रम कमी लेखण्याचा आमचा हेतू नाही. उन्हातान्हात उभे राहून चेंडू खेळले ते त्यांनीच. परंतु मुलगी बॅट मागते म्हणून तिच्या हाती बॅट देणारे घर असणे, हा काही तिचा गुण नव्हे.

साताऱ्याची कथा याहून बोलकी आहे. अदिती स्वामी हिने २०२३ साली बर्लिन येथे, वयाच्या अवघ्या सतराव्या वर्षी, धनुर्विद्येतील जागतिक अजिंक्यपद मिळविले. तिचे वडील सरकारी शाळेत गणिताचे शिक्षक. मुलीस खेळाची सोय मिळावी म्हणून त्यांनी शेरेवाडी सोडून साताऱ्यास बिऱ्हाड केले, आणि धनुष्यबाणांपायी कर्ज काढले. ती शिकली ते प्रशिक्षण केंद्र उसाच्या शेतात मोकळ्या केलेल्या जागेवर आहे. येथे पैसा थोडा होता, निश्चय फार होता; पण शिक्षकाचा का होईना, ठरलेला पगार होता. ज्यास पतच नाही, त्याने निश्चय कोणत्या सावकाराकडे गहाण ठेवावा?

आणि ऊस म्हटला की दुसरी मुले आठवतात. गळीत हंगाम सुरू झाला की बीडकडील टोळ्या या दोन जिल्ह्यांतील कारखान्यांच्या फडांवर उतरतात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडावयाची, म्हणून नवराबायको मिळून एक कोयता. आणि फडाच्या कडेला बांधलेल्या झोळीतील तान्हे सांभाळावयास आठ-नऊ वर्षांची बहीण. दिवाळीच्या सुमारास सुटलेली तिची शाळा परत गाठावी तो परीक्षा येऊन ठेपते. हिचे पाय पाळण्यात कोणी पाहिले?

यावर ठरलेला आक्षेप असा की, यशवंतराव चव्हाण गरिबीतूनच वर आले ना? आले. देवराष्ट्रे येथे १९१३ साली जन्मलेल्या या मुलाचे वडील लहानपणीच वारले. परंतु मातोश्री विठाबाई आणि थोरले बंधू यांनी घर सावरून धरले, आणि कराडास टिळक हायस्कूल होते. एका यशवंतरावांस पुढे करून हजारो पोरांच्या तोंडावर दार लावून घेणे, याला युक्तिवाद म्हणत नाहीत.

हे सारे कर्मवीर भाऊराव पाटील यांस पुरते उमगले होते. १९१९ साली कराडजवळील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन करून १९२४ साली साताऱ्यास त्यांनी वसतिगृह काढले, ते केवळ धडे देण्यासाठी नव्हे. ज्या मुलांस घराचे बळ नाही, त्यांस घरच द्यावयाचे, हा त्यांचा बेत. सर्व जातींची मुले एका पंक्तीस जेवत, आणि घरातल्या मुलांनी करावी तशी कामे करीत. पोरांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, अखेर मंगळसूत्रही दिले.

आज आमची तऱ्हा काय? २००९ च्या कायद्याने खासगी शाळांतील प्रवेशवर्गाच्या पंचवीस टक्के जागा दुर्बल घरांतील मुलांसाठी राखल्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने, एक किलोमीटरच्या आत सरकारी वा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेस यातून सूट दिली. त्याच वर्षी जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती सूट रद्द केली. सूट मिळाली तेव्हा आमच्या परिचयातील एका गृहस्थांस हायसे वाटले होते. “उगाच दर्जा घसरतो हो! ज्याच्यात गुण असतो, तो कोठेही चमकतो,” असे ते म्हणाले. त्यांचे चिरंजीव मात्र कोठेही चमकावयास राहिलेले नाहीत. एका नामांकित शाळेत घातलेले असून संध्याकाळी त्यांस तीन शिकवण्या आहेत.