ताबा नेमका कुणाचा सुटला?

‘चालकाचा वाहनावरील ताबा सुटल्याने अपघात.’ पनवेल तालुक्यात राहून हे वाक्य मी इतक्यांदा वाचलंय, की आता ते दिसलं तरी डोकं तापतं. मुंबई-गोवा महामार्गाचं पळस्पे ते इंदापूर हे ८४ किलोमीटरचं चौपदरीकरण २०११ साली सुरू झालं आणि वर्षानुवर्षं रखडलं. त्या कामावरचा ताबा कुणाचा सुटला होता? त्याचा पंचनामा कधी झाला?

संध्याकाळी या महामार्गावरच्या शिरढोण, तारा, खारपाडा या पट्ट्यात जरा थांबून बघा. कंपनीतून सुटलेली पोरं दुचाकीवर, त्यांच्यामागे कंटेनर. एसटीतून उतरलेली बाई हातात पिशवी घेऊन दुभाजकाच्या फटीत उभी असते. ही फट गावकऱ्यांनी पाडली म्हणून त्यांना दोष देतात. पण शेत पलीकडे, शाळा पलीकडे, आणि ओलांडायला धड जागा ठेवलेली नाही, तर माणसानं जायचं कुठून? रात्री त्या फटीवर दिवा नसतो. वळणरस्त्याचा फलक चिखलानं माखलेला असतो. गणपती जवळ आले की मंत्र्यांचे पाहणी दौरे निघतात, खड्ड्यांत खडी पडते. चाकरमानी परतले की गावं पुन्हा वाऱ्यावर. चीड येते ती याची.

हेल्मेट हवंच. पिऊन गाडी चालवणाऱ्याची गय नकोच. पण माणूस कधीतरी चुकणार, हे धरूनच रस्ता बांधायचा असतो. हे आपल्याकडे कळत नाही असं अजिबात नाही. याच पनवेलजवळ कळंबोलीला सुरू होणाऱ्या पुणे द्रुतगती मार्गावर २०१६ पासून शून्य मृत्यूचं लक्ष्य ठेवून काम झालं. धोक्याच्या जागा एकेक शोधल्या, कठडे बसवले, उभ्या ट्रकांवर कारवाई केली आणि मृत्यू घटले. मग खारपाड्याच्या माणसाचा जीव स्वस्त आहे का? १९ जानेवारी २०२३ च्या पहाटे माणगावजवळ रेपोलीला, काम अपुरं असलेल्या याच महामार्गावर, इको गाडी आणि ट्रकची टक्कर होऊन नऊ जण जागीच गेले. देशातल्या रस्त्यांवर मरणाऱ्यांत निम्म्याहून जास्त माणसं ग्रामीण भागात मरतात. तिथे ना पदपथ, ना दिवे, ना वेळेवर रुग्णवाहिका.

कायदा आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनं कलम १९८-अ आलं. रस्त्याची रचना, बांधणी किंवा देखभाल ठरलेल्या मानकांप्रमाणे नसेल आणि त्यामुळे कुणी मेलं किंवा अपंग झालं, तर प्राधिकरण, सल्लागार, ठेकेदार दंडास पात्र आहेत. दंड किती? जास्तीत जास्त एक लाख. कोट्यवधींच्या कामात एक लाख! ही रक्कम वाढलीच पाहिजे. पण आज जे कलम आहे, ते तरी लावा. माणगाव पोलिसांनी इंदापूर ते वडपाले टप्प्याच्या ठेकेदारावर गुन्हा नोंदवला, म्हणजे ठेकेदाराला जबाबदार धरता येतं. मग प्रत्येक ठाण्यात हे का होत नाही?

आपल्या गावाच्या हद्दीत अपघातात माणूस गेला, तर फिर्यादीत फटीचा, बंद दिव्याचा, खड्ड्याचा उल्लेख करायला लावा. फोटो काढून ठेवा. १९८-अ लावा, असा लेखी अर्ज देऊन पोच घ्या. आणि येत्या ग्रामसभेत धोक्याच्या जागांची यादी ठराव करून महामार्ग प्राधिकरणाला धाडा.