मृग आला, पेरायचे कोठे?

उन्हाळा सरला. मृगाच्या तोंडावर मराठवाड्यातला गायरानधारक आभाळाकडे पाहतो आणि त्याहून जास्त तहसीलच्या नोटिशीची धास्ती घेतो. पाऊस चुकला तर हंगाम जातो, नोटीस आली तर जमीनच जाते. सातबारा नाही म्हणून बँक पीककर्जाला उभे करत नाही, ते वेगळेच.

दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली डिसेंबर १९६४ मध्ये भूमिहीनांनी देशभर तुरुंग भरले. पुढे २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची शेतीची अतिक्रमणे नियमित करायचे ठरले. तारीख बाबासाहेबांच्या जयंतीची, अंमल मात्र तलाठ्याच्या मर्जीचा!

आता सर्वोच्च न्यायालयाच्या २०११ च्या जगपालसिंग निकालाचा धाक घातला जातो. निकाल आम्हीही वाचला आहे. गावाच्या सामायिक जमिनी मोकळ्या करा, असे त्यात आहेच. पण शासनाच्या अधिसूचनेने भूमिहीन मजुरांना वा अनुसूचित जाती-जमातींना पट्टा दिला असेल तर अपवाद, हेही त्यातच आहे. साहेब तेवढे पान उलटत नाहीत. ज्यांना पट्टाच मिळाला नाही त्यांची लढाई अवघड आहे, हे लपवण्यात अर्थ नाही.

पेरावे का, असे बांधव विचारतात. पेरा. मात्र गाव नमुना १-ई ची नक्कल, दंडाच्या जुन्या पावत्या, पीकपाहणीचे उतारे आजच पेटीतून काढा. नोटीस आली तर मुदतीत लेखी उत्तर द्या, पोच घ्या. आणि पाऊस लागण्याआधी सगळ्याच्या झेरॉक्स काढून ठेवा, छप्पर गळते.