अर्धशक्तीने अस्तंभा

धनत्रयोदशीस आपण सर्व वैद्यबंधू-भगिनी आपापल्या चिकित्सालयात भगवान धन्वंतरींच्या प्रतिमेचे पूजन करतो. त्याच सुमारास आपल्या नंदुरबार जिल्ह्यातील अक्राणी (धडगाव) तालुक्यात अस्तंभ्याची यात्रा भरते. महाराष्ट्र, गुजरात व मध्य प्रदेशातील भाविक डोंगरवाटा तुडवीत सातपुड्याचे हे १३२५ मीटर उंचीचे शिखर गाठतात. कपाळावरील न भरणारा व्रण घेऊन अश्वत्थामा येथे वावरतो आणि वाटसरूकडे जखमेसाठी तेल मागतो, अशी लोकश्रद्धा आहे. व्रणाचे साठ उपक्रम सांगणाऱ्या सुश्रुताचार्यांचे आपण वारस. तथापि आपल्यापैकी किती जणांनी ही वाट पायाखाली घातली आहे?

प्रस्तुत लेखकाने ती घालण्याचा योग वयाच्या सत्तेचाळीसाव्या वर्षी, यात्रेची गर्दी ओसरल्यावर आला. सोबत एक सहाध्यायी वैद्य, एक शिक्षक मित्र व एक औषधी दुकानाचे मालक असे आम्ही चौघे होतो. वाटाड्या म्हणून पाड्यावरील एक पावरा गृहस्थ लाभले. पहाटे निघालो. साग, मोह, सालई, धावडा यांच्या रानातून चढण सुरू झाली. दुकानमालक मित्र उत्साहाच्या भरात सर्वांच्या पुढे. दोन तासांनी मात्र ते एका दगडावर मटकन बसले. अंगाला दरदरून घाम, हातांना कंप, बोलणे अडखळते. चौकशी केली तेव्हा कळले, की मधुमेहाची गोळी वेळेवर घेतली होती. न्याहारी मात्र 'पोट हलके बरे' म्हणून टाळली होती. तत्काळ गूळ व पाणी दिले. काही वेळाने हुशारी आली, वर थोडी भाकरीही पोटात गेली. शिखर समोर दिसत होते. तरीही आम्ही सर्वांनी तेथूनच परतण्याचे ठरविले.

हा प्रसंग सांगण्याचा हेतू मित्राची उणीव काढण्याचा नाही. त्याचा वैद्य त्याच्या शेजारीच चालत होता आणि निघण्यापूर्वी मी त्यास एकही प्रश्न विचारला नव्हता, हे मला सांगावयाचे आहे. व्यायाम अर्धशक्तीने करावा, हे वाग्भटाचे वचन आपण रुग्णांना नित्य ऐकवितो. देहास अतिपीडा न देणारे चंक्रमण आयुष्य, बल, मेधा व अग्नी वाढविते असे सुश्रुत सांगतात. त्याच ठिकाणी अतिमार्गक्रमणाचे परिणामही सांगतात. चरकाचार्यांनी तर अतिव्यायाम करणाऱ्यास हत्तीला ओढू पाहणाऱ्या सिंहाची उपमा दिली आहे. हे सारे मुखोद्गत असूनही डोंगराच्या पायथ्याशी त्यातले काहीच आठवले नाही.

विसाव्याच्या त्या तासाभरात दुसरा धडा मिळाला. वाटाड्याने गवतातील वाळून पिवळी पडलेली काही पाने दाखवून विचारले, "डॉक्टरसाहेब, हे ओळखता का?" आम्ही दोघे पदवीधर वैद्य गप्प. ती सफेद मुसळी होती. वीस वर्षे तिचे चूर्ण मी रुग्णांना देत आलो. पण जमिनीवरील तिचे रूप ओळखता आले नाही. पान वाळून बी पडले की मगच कंद काढावा आणि पुढच्या पावसासाठी डोळ्याचा भाग मातीत ठेवावा, असे त्यांनी सांगितले. "पूर्वी वाटेवर मिळायची, आता दूर जावे लागते. व्यापाऱ्याला घाई असते, तो पावसातच मागतो," असेही ते म्हणाले.

गुराखी, मेंढपाळ व वनवासी हे वनस्पतींचे नाम व रूप जाणतात. परंतु तेवढ्याने औषधाचा प्रयोग कळत नाही, असे चरकसंहितेत म्हटले आहे. आपण या विधानाचा उत्तरार्धच अभिमानाने सांगतो. आज स्थिती अशी, की प्रयोग आपल्याकडे आणि रूप त्यांच्याकडे. मध्ये दलालांची साखळी. द्रव्याची परीक्षा प्रयोगशाळा करील, आपण कशाला डोंगर चढावा, असे कोणी म्हणेल. प्रयोगशाळा हवीच. मात्र तिच्यापर्यंत न जाणाऱ्या द्रव्याचे काय? २०२१ साली गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांतील यकृतविकाराची वृत्ते मुंबईहून आली, तेव्हा तत्सम दिसणाऱ्या दुसऱ्या वेलीशी गल्लत झाली असावी, असा खुलासा आयुष मंत्रालयास करावा लागला. शिवाय कंद अकाली उपटला की नाही, रान ओरबाडले की राखले, हे कोणताही अहवाल सांगत नाही.

म्हणून तीन गोष्टी नम्रपणे सुचवाव्याशा वाटतात. २०१६ पासून धन्वंतरी जयंतीस साजरा होणारा आयुर्वेद दिन २०२५ पासून २३ सप्टेंबरला गेला आहे. शासकीय समारंभातून मोकळ्या झालेल्या दिवाळीच्या त्या आठवड्यातील एक दिवस आपल्या शाखांनी रानातील पायी अभ्यासासाठी राखावा. दुसरे, औषधी दुकानमालकांनी द्रव्य घेताना ते कोठले, कोणत्या ऋतूत व कोणत्या अवस्थेत काढले याची विचारणा करावी. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर वननिवासींचा हक्क मान्य केला आहे. शक्य तेथे ग्रामसभांशी थेट व्यवहार करावा व योग्य वेळी काढलेल्या मालास दोन पैसे अधिक द्यावेत. तिसरे, अशा पदभ्रमणापूर्वी प्रत्येकाचे वय, व्याधी, चालू औषधे व न्याहारी यांची चौकशी व्हावी आणि सर्वांत मंद चालणाऱ्याच्या गतीने सर्वांनी चालावे.

त्या रात्री पाड्यावर मुक्काम केला. अश्वत्थाम्यासाठी म्हणून शिक्षक मित्राने तिळतेलाची लहान बाटली आणली होती. शिखर राहिले, तेलही राहिले. त्याच तेलाने आम्ही एकमेकांच्या दुखऱ्या पायांना अभ्यंग केले; थोडे वाटाड्याच्या भेगाळलेल्या टाचांनाही लावले. त्यांनी आम्हांस दिवसभर जे दिले, त्या मानाने ही परतफेड फारच थोडी होती.