गाडीच्या पोटातला पंप

पेट्रोल पंप म्हटला की डोळ्यांसमोर रस्त्याकडेचा पंप येतो. पण प्रत्येक गाडीच्या पोटातही एक पंप असतो आणि त्याची आठवण बहुधा तो बंद पडल्यावरच होते. ग्रेटर नोएडाहून आग्र्याला जाणारा यमुना द्रुतगती मार्ग १६५ किलोमीटरचा आहे. तिथे ट्रकला मागे टाकताना गाडीचा जोर एकाएकी गेला, तर खर्चाची गोष्ट दूरच राहते. गाडीतल्या माणसांच्या जिवाशी गाठ पडते.

आजच्या पेट्रोल मोटारींत विजेवर चालणारा हा पंप टाकीतच, इंधनात बुडालेला असतो. भोवतालचे पेट्रोल त्याला थंड ठेवते आणि थोडेफार वंगणही पुरवते. वेगवान, टर्बो गाड्यांच्या इंजिनांची भूक मोठी. त्यांपैकी अनेक गाड्यांत इंजिनावर दुसरा, उच्च दाबाचा पंपही असतो. टाकीतल्या पंपाने हात आखडला की या दुसऱ्या पंपाचीही उपासमार होते.

टाकी पाव भरलेली हवी

मे-जूनमध्ये दिल्लीचा पारा ४५ अंशांच्या घरात जातो. गुडगाव-नोएडाच्या कोंडीत गाडी तासन्‌तास रखडते आणि टाकीतले इंधनही तापते. अशा वेळी राखीव साठ्यावर गाडी चालवणे म्हणजे पंपाला कोरडे भाजणे. काटा पाव टाकीच्या खाली येण्यापूर्वी इंधन भरून घ्यावे.

उभ्या गाडीची काळजी

महागडी गाडी अनेक घरांत फक्त रविवारी बाहेर निघते. आज मिळणाऱ्या साध्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि ते ओल शोषून घेते. ओल फार वाढली तर पाणी व इथेनॉल वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसते. पंप नेमका तळातूनच इंधन ओढतो. जुन्या गाडीच्या रबरी नळ्या व सील हे मिश्रण सोसतील का, ते पुस्तिकेत पाहावे किंवा कंपनीला विचारावे.

हिवाळ्यात प्रदूषण वाढून तिसऱ्या टप्प्याचे निर्बंध लागले, की दिल्ली आणि लगतच्या जिल्ह्यांत बीएस-४ डिझेल मोटारी दारातच उभ्या राहतात. टाकी भरून ठेवली तर आत दव कमी धरते. डिझेल गाडीच्या फिल्टरमध्ये साचलेले पाणीही काढून घ्यावे. डिझेल गाडीत चुकून पेट्रोल भरले गेले तर किल्ली फिरवूच नये. गाडी ओढून न्यावी व टाकी रिकामी करून घ्यावी.

पूर्वसूचना ओळखा

मागच्या सीटखालून येणारी बारीक घरघर, सुरू होण्यास लागणारा वेळ, चढावर किंवा वेगात बसणारे हिसके ही लक्षणे दुर्लक्षू नयेत. मात्र लगेच नवा पंपही घेऊ नये. आधी फ्यूज, रिले, वायर आणि फिल्टर तपासून इंधनाचा दाब मोजायला सांगावे. पुष्कळदा दोष शंभर-दोनशे रुपयांच्या रिलेत निघतो. इंजिनाची ताकद बाहेरून वाढवून घेणाऱ्यांनी तेवढे इंधन पुरवणारा पंप आहे ना, याची आधी खात्री करावी. इंधन अपुरे पडले तर पिस्टन जळू शकतो.

दोष कारखान्यातलाही असतो

सदोष पंपाच्या शक्यतेमुळे मारुती सुझुकीने जुलै २०२० मध्ये वॅगनआर व बलेनो मिळून १,३४,८८५ गाड्या तपासणीसाठी परत बोलावल्या होत्या. होंडानेही २०२४ मध्ये नव्वद हजारांहून अधिक गाड्यांसाठी अशीच मोहीम जाहीर केली. अशा वेळी भाग फुकट बदलून मिळतो. जुनी गाडी विकत घेणाऱ्याला मात्र हे पत्र पोहोचतेच असे नाही. म्हणून चासी नंबर कंपनीच्या संकेतस्थळावर किंवा अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये एकदा तपासून घ्यावा. लांबच्या प्रवासाला निघण्याआधी पाच मिनिटांचे हे काम जरूर उरकावे.